सेव्ह केलेले पासवर्ड गायब झाले? काहीही पुसण्याआधी हे वाचा

महिन्याची २० तारीख जवळ आली की सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातून फोन येतो, "अण्णा, ब्राउझरमधले सगळे पासवर्ड उडाले की ओ!" जीएसटीआर-३बी हा जीएसटीचा रिटर्न भरायचा असतो, गाडी ई-वे बिलासाठी गेटवर उभी असते, आणि पोर्टलच्या रकान्यात नेहमी आपोआप येणारे ते काळे ठिपके आज येत नाहीत. फोन करणाऱ्याने तोपर्यंत दोन-तीन उपाय करूनही झालेले असतात, आणि खरी पंचाईत बहुतेक वेळा त्या उपायांनीच केलेली असते.

माझं काम अशा ऑफिसांतले कॉम्प्युटर सांभाळण्याचं. पासवर्ड "उडाले" म्हणून जे फोन येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ते कुठेही उडालेले नसतात. ते दुसऱ्या प्रोफाइलमध्ये (एकाच ब्राउझरमधल्या वेगळ्या कप्प्यात) असतात, दुसऱ्या गूगल खात्यात असतात, नाहीतर साइटचा पत्ता बदललेला असतो. काही ठिकाणी पासवर्डची फाइल जागेवर असते, पण ती उघडणारी किल्ली निकामी झालेली असते. खरोखर पुसले गेलेत असं फार कमी वेळा आढळतं. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर उरलंसुरलंही जातं. म्हणून नेमकं काय झालंय हे आधी ओळखायचं.

सगळ्यात आधी: हात आवरा

क्रोम काढून पुन्हा टाकू नका. काढताना "ब्राउझिंग डेटाही पुसायचा का" असा चौकोन येतो. घाईत त्यावर टिक झाली की संपलं. कॉम्प्युटर "साफ" करणारं कुठलंही क्लीनर चालवू नका. सिंक, म्हणजे खात्यावरून सगळ्या उपकरणांत डेटा एकसारखा ठेवण्याची सोय, रिसेट करू नका. आणि नेटवर "पासवर्ड रिकव्हरी" म्हणून फुकट मिळणारी सॉफ्टवेअर तर अजिबात उतरवू नका. असल्या नावाखाली पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम सर्रास फिरतात. आत आले की ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन झाल्याची खूण जपणाऱ्या छोट्या नोंदी) उचलून बाहेर पाठवतात.

आता पाच मिनिटांचं काम. क्रोम पूर्ण बंद करा. नुसती खिडकी मिटून भागत नाही. टास्क मॅनेजर उघडा आणि यादीत क्रोम चालू दिसत असेल तर तिथून संपवा. मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येते, तिच्यात टक्क्याचं चिन्ह, लोकलॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत सलग टाइप करून एंटर मारा. जे फोल्डर उघडेल त्यात गूगल, त्यात क्रोम, त्यात यूजर डेटा. हे यूजर डेटा फोल्डर अख्खंच्या अख्खं डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. पुढे काही चुकलं तरी आत्ता जे आहे तिथवर परत येता येईल. फोल्डर मोठं असतं, वेळ लागतो, लागू द्या.

कोणीतरी चुकून यादी पुसली असा संशय असेल तर आणखी एक काम याच्याही आधी: त्याच खात्यावर चालणारी बाकीची उपकरणं ताबडतोब नेटपासून तोडा. का, ते पुढे येईल.

खरंच गेलेत का, हे तपासा

साइट लॉगिन मागते म्हणजे पासवर्ड गेला असं नाही. रोज आपण थेट आत जातो ते कुकीजमुळे. कोणी कुकीज पुसल्या की सगळीकडून बाहेर पडायला होतं आणि माणूस घाबरतो. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांतून गूगल पासवर्ड मॅनेजर उघडा. एजमध्ये सेटिंग्जमध्ये पासवर्डचा भाग आहे. फायरफॉक्समध्ये मेनूतून पासवर्ड्स. यादी भरलेली दिसली तर निम्मी चिंता मिटली.

यादी भरलेली आहे, पण नेमक्या एका साइटवर पासवर्ड येत नाही, असं असेल तर त्या साइटचा पत्ता बघा. ब्राउझर पासवर्ड लक्षात ठेवतो तो साइटच्या पत्त्याशी बांधून. पत्त्याचं मूळ नाव बदललं की त्याच्या दृष्टीने ती परकी साइट. आयकर विभागाने ७ जून २०२१ ला नवं ई-फायलिंग पोर्टल आणलं तेव्हा पत्ताही बदलला. जुन्या पत्त्यावरचे पासवर्ड कित्येकांच्या यादीत अजून तसेच पडून आहेत. अलीकडचं उदाहरण बँकांचं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं. त्यामुळे नेट बँकिंगचा जुना पासवर्ड नव्या पानावर आपोआप न येणं हे अपेक्षितच आहे. यादीच्या शोध-रकान्यात बँकेचं नाव टाका, जुनी नोंद सापडेल. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की विंडोजचा पिन किंवा पासवर्ड मागेल आणि मग नोंद दाखवेल. नव्या पानावर तोच हाताने टाका आणि पुन्हा सेव्ह करा.

मात्र पासवर्ड आपोआप आला नाही तर तो टाकण्यापूर्वी वरचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचायचा. बनावट साइटवरही पासवर्ड आपोआप येत नाही. तिथे न येणं ही ब्राउझरने केलेली राखणच असते.

काही ठिकाणी पासवर्ड येतो, पण साइट "चुकीचा" म्हणते. अशा वेळी नोंद उघडून डोळ्याने बघा. तुम्ही ठेवलेल्या आठ-दहा अक्षरांऐवजी आकडे आणि ए ते एफ एवढ्याच अक्षरांची ३२ किंवा ६४ खुणांची माळ दिसली तर कारण सापडलं. काही पोर्टल, त्यात सरकारीही आली, लॉगिनचं बटण दाबताक्षणी पासवर्डचं सांकेतिक रूप करून तेच रकान्यात भरतात. ब्राउझरने सेव्ह केलं ते हे रूप. ती नोंद निरुपयोगी आहे. ती काढून टाका आणि खरा पासवर्ड मॅनेजरमध्ये हाताने नवीन नोंद करून ठेवा. पुढच्या लॉगिनला "पासवर्ड अपडेट करू का" असं क्रोमने विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर तीच माळ पुन्हा येऊन बसते.

आणि जी साइट मुळात कधी सेव्ह करू का म्हणून विचारतच नाही, तिच्यासाठी मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये नकार दिलेल्या साइटची यादी बघा. कोणीतरी कधीतरी "नेव्हर" दाबलेलं असतं. तिथून ती साइट काढली की झालं.

यादीच रिकामी आहे

घाबरण्याआधी क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातलं गोल चित्र बघा. त्यावर क्लिक केल्यावर खाली आणखी प्रोफाइल दिसतात का? ऑफिसात सकाळी एक बसतो, संध्याकाळी दुसरा. कोणीतरी स्वतःचं जीमेल टाकताना "नवीन प्रोफाइल" तयार केलेलं असतं आणि डेस्कटॉपवरचं क्रोमचं चिन्ह आता त्याच प्रोफाइलमध्ये उघडतं. जुन्या प्रोफाइलवर गेलं की बुकमार्कसकट सगळं परत. बुकमार्कही एकाच वेळी गायब झालेले असतील तर नव्वद टक्के प्रकरण प्रोफाइलचंच समजा. पासवर्ड गेले आणि बुकमार्क मात्र जागेवर आहेत, तर मामला वेगळा.

प्रोफाइलच्या यादीत काही दिसत नसेल तरी डिस्कवर असू शकतं. यूजर डेटा फोल्डरमध्ये पहिलं प्रोफाइल डिफॉल्ट नावाने असतं, पुढची प्रोफाइल १, प्रोफाइल २ अशी. आत्ता कुठलं चालू आहे ते कळायला पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि व्हर्जन असं इंग्रजीत टाका. येणाऱ्या पानावर प्रोफाइल पाथ लिहिलेला असतो. प्रत्येक प्रोफाइलच्या फोल्डरात लॉगिन डेटा नावाची फाइल असते, पासवर्ड राहतात ते तिच्यात. कुठल्या फोल्डरातली ही फाइल आकाराने मोठी आहे, ते बघितलं की कोणत्या प्रोफाइलमध्ये शोधायचं ते कळतं.

दुसरी शक्यता खात्याची. पासवर्ड दोन जागी राहू शकतात, या कॉम्प्युटरवर किंवा गूगल खात्यात. खात्यातले पासवर्ड साइन आउट केलं की या कॉम्प्युटरवरून दिसेनासे होतात, पुन्हा साइन इन केलं की येतात. आपल्याकडच्या छोट्या धंद्यांत एका ऑफिसचे तीन जीमेल सहज असतात. एक मालकाचं, एक ऑफिसचं, आणि एक जीएसटी नोंदणीच्या वेळी कोणीतरी घाईत बनवून दिलेलं. तिन्हींचे पासवर्ड माहीत असतील तर एकेक करून पासवर्ड्स डॉट गूगल डॉट कॉम या पत्त्यावर जाऊन बघा. ही यादी थेट गूगलच्या खात्यातली असते, कॉम्प्युटरचा तिच्याशी संबंध नाही. इथे दिसले म्हणजे पासवर्ड सुखरूप आहेत. गडबड फक्त या कॉम्प्युटरच्या क्रोमची आहे.

गूगल खात्याचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर गोल चित्राशेजारी "पॉज्ड" किंवा "व्हेरिफाय इट्स यू" असा मजकूर दिसतो. ते क्लिक करून नवा पासवर्ड टाका, बाकी काही करायला लागत नाही. सिंकसाठी कधी वेगळा पासफ्रेज (डेटा कुलूपबंद करणारा, खात्याच्या पासवर्डाहून निराळा परवलीचा शब्द) ठेवला होता आणि तो आता आठवत नसेल, तर मात्र गूगलही तो डेटा उघडून देऊ शकत नाही. सिंक रिसेट करावं लागतं आणि त्याने गूगलच्या सर्व्हरवरचा सिंकचा डेटा जातो. म्हणून आधी ज्या कॉम्प्युटरवर पासवर्ड अजून दिसताहेत तिथून ते एक्सपोर्ट करा (एका फाइलमध्ये उतरवून घ्या, रीत शेवटी दिली आहे), रिसेट त्यानंतर.

कधीकधी दोष तुमचा नसतोच. जुलै २०२४ मध्ये विंडोजवरच्या क्रोम १२७ मध्ये असाच गोंधळ झाला होता. जगभरात अनेकांना पासवर्ड मॅनेजर रिकामा दिसायला लागला, आणि जवळपास १८ तासांनी गूगलने तो दुरुस्त केला. पासवर्ड जागेवर होते, दिसत नव्हते इतकंच. त्या १८ तासांत ज्यांनी क्रोम डेटासकट उडवून पुन्हा टाकलं, त्यांचे कॉम्प्युटरवरचे पासवर्ड मात्र कायमचे गेले असणार. त्यामुळे ऑफिसातल्या दोन-तीन कॉम्प्युटरवर एकाच दिवशी हा प्रकार दिसला तर ब्राउझर अपडेट करा, बंद करून उघडा, आणि एक दिवस थांबा. रिटर्नची तारीख थांबणार नाही, पण त्या एका पोर्टलचा पासवर्ड "फरगॉट पासवर्ड" करून घेता येतो.

विंडोजचा पासवर्ड "तोडला" असेल तर

हे प्रकरण जरा सविस्तर, कारण आपल्या भागात पासवर्ड खरोखर जातात ते बरेचदा इथे.

गड्ड्याच्या यात्रेची (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची) सुट्टी संपवून माणूस कामावर येतो आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड आठवत नाही. जवळच्या दुकानातला पोरगा येतो, पेन ड्राइव्ह लावतो, दहा मिनिटांत पासवर्ड उडवून देतो. दोनशे रुपये घेतो, चहा पितो, जातो. कॉम्प्युटर सुरू होतो, टॅली चालते, फायली सगळ्या आहेत. दुसऱ्या दिवशी कोणीतरी बघतं तर क्रोममधले पासवर्ड नाहीत.

कारण असं की क्रोम लॉगिन डेटा या फाइलमधले पासवर्ड कुलूपबंद ठेवतो. त्या कुलपाची किल्ली यूजर डेटा फोल्डरातल्या लोकल स्टेट नावाच्या फाइलमध्ये असते, आणि ती किल्लीसुद्धा उघडी नसते. विंडोज तिला तुमच्या खात्याच्या पासवर्डात गुंडाळून ठेवतो. तुम्ही स्वतः जुना पासवर्ड देऊन नवा ठेवलात, म्हणजे कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून चेंज पासवर्डने, तर विंडोज ती किल्ली नव्या पासवर्डात पुन्हा गुंडाळतो आणि सगळं ठीक राहतं. पण बाहेरून पासवर्ड उडवला, किंवा दुसऱ्या ॲडमिन खात्यातून रिसेट केला, तर जुना पासवर्ड कोणी दिलेलाच नसतो. गुंडाळी उघडत नाही, किल्ली हाती येत नाही, आणि क्रोमला स्वतःचीच फाइल वाचता येत नाही.

इथे एक उपाय खरोखर चालतो, आणि फार कमी लोकांना माहीत असतो. जुना पासवर्ड नंतर आठवला, डायरीत सापडला, कोणी सांगितला, तर विंडोजच्या त्या लोकल खात्याचा पासवर्ड पुन्हा हुबेहूब तोच ठेवा. कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट. मग साइन आउट करून पुन्हा आत या आणि क्रोम उघडा. गुंडाळी उघडली तर पासवर्ड परत दिसतात. दिसले रे दिसले की आधी एक्सपोर्ट करायचे, मग पुढचं. म्हणून दुकानवाल्याने पासवर्ड तोडून दिल्यावर क्रोमला हात लावू नका. आठवड्याने जुना पासवर्ड आठवला तरी उपयोग होतो, मधल्या काळात कोणी क्रोम "रिपेअर" केलेलं नसेल तर.

याच कारणाने नुसती लॉगिन डेटा फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन काही मिळत नाही. नवीन विंडोज टाकताना "तुमचा सगळा डेटा कॉपी करून ठेवलाय" असं सांगणारा खोटं बोलत नसतो. फाइल खरोखर कॉपी झालेली असते, फक्त ती आता कोणालाच उघडता येत नाही.

पण जुन्या हार्ड डिस्कऐवजी नवी एसएसडी बसवली असेल तर आशा आहे. हल्ली हे घरोघरी होतं, आणि काढलेली जुनी डिस्क ड्रॉवरमध्ये पडलेली असते. ती फॉरमॅट करू नका. त्याच कॉम्प्युटरला ती डिस्क पुन्हा जोडा, त्याच जुन्या विंडोजने सुरू करा, जुन्याच पासवर्डने आत जा. क्रोममध्ये सगळं जसंच्या तसं असतं. तिथून एक्सपोर्ट करा, फाइल नव्या डिस्कवर आणा, इम्पोर्ट करा. नव्या विंडोजमध्ये जुनी डिस्क नुसती जोडून फोल्डर कॉपी करणं आणि जुन्या डिस्कनेच कॉम्प्युटर सुरू करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदाराला सांगताना दुसरी करायची आहे हे स्पष्ट सांगा.

लाइट गेली आणि त्यानंतर

यूपीएसची बॅटरी मेलेली, दुपारी लाइट जाते, कॉम्प्युटर धाडकन बंद. क्रोम त्या क्षणी फाइलमध्ये काही लिहीत असेल तर ती फाइल बिघडू शकते. पुन्हा सुरू केल्यावर "प्रोफाइल एरर ऑकर्ड" असा संदेश येतो. आधी टास्क मॅनेजरमधून क्रोम पूर्ण मारून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. कधीकधी एवढ्यानेच भागतं. संदेश येतच राहिला आणि पासवर्ड गूगल खात्यात आहेत याची पासवर्ड्स डॉट गूगल डॉट कॉमवर खात्री झाली असेल, तर नवं प्रोफाइल काढून त्यात तेच खातं टाकणं सगळ्यात सोपं. पासवर्ड फक्त या कॉम्प्युटरवरच होते तर लॉगिन डेटा फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये प्रीव्हियस व्हर्जन्स बघा. फाइल हिस्टरी किंवा रिस्टोअर पॉइंट चालू असतील तरच तिथे काही सापडतं. विंडोज तेच, खातं तेच, पासवर्ड तोच असेल तर जुनी प्रत उघडते.

फायरफॉक्सचा न्याय वेगळा

फायरफॉक्स पासवर्ड दोन फायलींत ठेवतो. लॉगिन्स डॉट जेसन या फाइलमध्ये पासवर्ड आणि की४ डॉट डीबी या फाइलमध्ये त्यांची किल्ली. दोन्ही एकाच प्रोफाइल फोल्डरात असतात आणि दोन्ही जोडीने दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेल्या तर पासवर्ड दिसतात. एकच नेली तर काही उपयोग नाही. फोल्डर शोधायला पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन, प्रोफाइल्स टाका. तिथे सगळी प्रोफाइल एकाखाली एक दिसतात. २०१९ मध्ये फायरफॉक्स ६७ पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल मिळू लागलं. त्यामुळे पुन्हा टाकल्यावर कधीकधी रिकामा फायरफॉक्स उघडतो आणि जुनं प्रोफाइल या यादीत शांतपणे पडलेलं असतं. त्याखालचं "लाँच" दाबून बघा.

यादी रिकामी आणि प्रोफाइल मात्र बरोबर, असं असेल तर फायरफॉक्स बंद करून त्या फोल्डरात शेवटी करप्ट असं नाव जोडलेली लॉगिन्स फाइल आहे का बघा. फाइल वाचता आली नाही की फायरफॉक्स तिला असं नाव देऊन बाजूला ठेवतो आणि नवी रिकामी फाइल सुरू करतो. २०१९ मध्ये एका प्रसिद्ध अँटीव्हायरसच्या पासवर्ड-संरक्षणाने ही फाइल वाचेनाशी केली होती. तेव्हा रिकामी फाइल हलवून करप्ट नाव काढल्यावर लोकांचे पासवर्ड परत आले. त्याच फोल्डरात लॉगिन्स-बॅकअप डॉट जेसनही असते. तिची एक प्रत काढून तिला मूळ नाव देऊन बघता येतं.

फायरफॉक्समध्ये प्रायमरी पासवर्ड (सेव्ह केलेली यादी उघडणारा मुख्य पासवर्ड) ठेवला असेल आणि तो विसरलात, तर रिसेट करण्याचा पर्याय आहे, पण तो सगळे पासवर्ड पुसतो. मोझिला खात्याचा (फायरफॉक्सचं सिंक चालतं त्या खात्याचा) पासवर्ड रिकव्हरी की नसताना रिसेट केला तर सर्व्हरवरचा डेटा जातो, कॉम्प्युटरवरचा राहतो. त्यामुळे त्या काळात कॉम्प्युटरवरून काही काढू नका.

एजबद्दल फारसं वेगळं सांगायला नको, तो आतून क्रोमसारखाच आहे. फोल्डर मायक्रोसॉफ्ट, एज, यूजर डेटा असं शोधायचं. एकच गोष्ट: जे लोक फोनवरच्या मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमध्ये पासवर्ड ठेवत होते, त्यांना ऑगस्ट २०२५ पासून ते तिथे दिसत नाहीत. तो भागच कंपनीने बंद केला. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सिंक झालेले पासवर्ड त्याच खात्याने एज उघडल्यावर मिळतात.

खरंच पुसले गेले असतील तर

सिंक चालू असताना एका ठिकाणी पुसलेली नोंद बाकी सगळीकडूनही पुसली जाते, पण ती बातमी नेटवरूनच पोचते. घरचा जुना लॅपटॉप महिनाभर उघडलेला नसेल तर त्याला अजून काही माहीत नाही. तो सुरू करण्याआधी घरचं वाय-फाय बंद करा, राउटरचं बटणच बंद करा. मग लॅपटॉप उघडा, क्रोममध्ये यादी दिसते का बघा, दिसली तर तिथल्या तिथे एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर घ्या. लेखाच्या सुरुवातीला उपकरणं नेटपासून तोडायला सांगितलं ते यासाठी. फोन फ्लाइट मोडवर टाकून त्यातली यादीही बघता येते, मात्र फोन बहुधा सतत नेटवर असतो, त्यामुळे तिथे आशा कमी.

काहीच हाती लागलं नाही तर एकेक पासवर्ड नव्याने घ्यायचा, आणि त्यात क्रम महत्त्वाचा. पहिला ईमेल, कारण बाकी सगळ्यांची रिसेट-लिंक तिथेच येते. मग ज्याची तारीख जवळ आहे ते पोर्टल. जीएसटीसाठी यूजरनेम लागतं, ओटीपी नोंदवलेल्या ईमेलवर आणि मोबाइलवर येतो. यूजरनेमही आठवत नसेल तर जीएसटी क्रमांकावरून तेही काढता येतं. आयकर पोर्टलवर आधारच्या ओटीपीने काम होतं.

गाडी अडते ती एकाच ठिकाणी. नोंदवलेला मोबाइल नंबर चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो. त्याला फोन करून ओटीपी मागण्यात गैर काही नाही, पण तो उचलेल याची खात्री नाही. जीएसटीच्या बाबतीत रस्ता आहे. आपल्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे धंद्याची कागदपत्रं घेऊन गेलं की तो पडताळणी करून ईमेल आणि मोबाइल बदलून देतो, आणि नवा तात्पुरता पासवर्ड नव्या ईमेलवर येतो. यात दिवस जातात. म्हणून हा नंबर कोणाचा आहे हे आज, काही बिघडलेलं नसताना, तपासून ठेवा.

आणि पासवर्ड गायब होण्याबरोबर अनोळखी लॉगिनचे मेल यायला लागले असतील, तर हे तांत्रिक बिघाडाचं लक्षण नाही, चोरीचं आहे. त्या कॉम्प्युटरवरून कुठलाच पासवर्ड बदलू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.

एक्सपोर्ट करताना

पासवर्ड परत मिळाले की मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन "डाउनलोड फाइल" करा. जी सीएसव्ही फाइल मिळते ती एक्सेलमध्ये उघडते आणि तिच्यात सगळे पासवर्ड उघडे, वाचता येतील असे असतात. ती व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवू नका, मेल करू नका. इम्पोर्टचं काम झालं की डाउनलोड्समधून आणि रीसायकल बिनमधूनही काढा. एकाच ऑफिसातल्या चार जणांना तेच पासवर्ड लागत असतील तर ब्राउझरवर अवलंबून राहण्यापेक्षा कीपाससारखा स्वतंत्र पासवर्ड मॅनेजर मला बरा वाटतो. त्याची फाइल एकच असते, तिचा विंडोजच्या पासवर्डाशी संबंध नसतो, आणि तिची प्रत पेन ड्राइव्हवर घालून मालकाच्या कपाटात ठेवता येते. त्या फाइलचा मुख्य पासवर्ड मात्र विसरला तर कोणीच काही करू शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून पाकिटात बंद करून, पेन ड्राइव्हपासून वेगळ्या जागी.

विंडोजचं खातं लोकल असेल तर कंट्रोल पॅनेलमधून "पासवर्ड रिसेट डिस्क" आत्ताच बनवून ठेवा, साधा पेन ड्राइव्ह पुरतो. ती एकदाच बनवायची, नंतर पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी चालते. तिच्यातून पासवर्ड रिसेट केला तर क्रोमची किल्ली शाबूत राहते, आणि पुढच्या गड्ड्यानंतर दुकानातल्या पोराला बोलवायची गरज पडत नाही.